ताणणारं भिंग आणि उद्यमनगरातला साचा

पत्र: "माझं कोल्हापूरच्या उद्यमनगरात पॅटर्न शॉप आहे, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठी लागणारे नमुने करतो. शिक्षण आयटीआय. मुलगी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय फिजिक्स, मार्क चांगले. मागच्या वर्षी विद्यापीठात एक व्याख्यान ऐकून आली. रबरासारखं ताणलं की नंबर बदलतो अशा भिंगाचं. तेव्हापासून घरात 'मेटासरफेस' हा एकच शब्द. तिला त्यातच संशोधन करायचंय. तिची आई म्हणते बी.एड. करून घे, मामा म्हणतात बँकेच्या परीक्षा दे. मला नाही म्हणवत नाही, आणि हो म्हणायला त्यातलं काही कळत नाही. हे खरंच असतं का? यात पोट भरतं का? किती वर्षं लागतात? परदेशी जावंच लागतं का?"

दादा, नमस्कार.

पहिल्या प्रश्नाला जरा जास्त जागा देतो, कारण तो कळला की बाकीच्यांची भीती कमी होईल. हो, हे खरं आहे. आणि तुम्हाला त्यातलं काही कळत नाही, हे मला मान्य नाही. पत्र वाचताना मला सारखं वाटत होतं, हा माणूस या विषयाच्या दारातच उभा आहे.

चष्म्याचं भिंग प्रकाश वळवतं ते काचेच्या जाडीमुळे. मध्ये जाड, कडेला पातळ, म्हणून मधल्या प्रकाशाला जास्त उशीर होतो, कडेच्याला कमी, आणि सगळे किरण एका ठिकाणी येऊन मिळतात. मेटासरफेस हेच काम सपाट पत्र्यासारख्या थरावर करतो. त्यावर लाखो बारीक खांब उभे असतात, कुठे जाड, कुठे बारीक. प्रत्येक खांब आपल्या वाट्याच्या प्रकाशाला थोडा थोपवून धरतो. कुठे किती थोपवायचं ते आधी गणिताने ठरवलेलं असतं. आपल्याला दिसणाऱ्या प्रकाशाच्या लहरींची लांबी साधारण 400 ते 700 नॅनोमीटर, आणि खांबांमधली अंतरं त्याहून लहान. माणसाचा एक केस सुमारे 80,000 नॅनोमीटर जाड असतो, त्यावरून अंदाज घ्या.

हार्वर्डमध्ये फेडेरिको कापासो यांच्या गटाने 2011 साली अशा पृष्ठभागांनी प्रकाश हवा तसा वळवता येतो हे दाखवलं आणि तिथून या विषयाने जोर धरला. पण पदार्थाची घडण बदलून लहरींना वळवायचं, ही कल्पना त्याहून पुष्कळ जुनी. आपल्या जगदीशचंद्र बोस यांनी 1898 साली तागाच्या पिळलेल्या तंतूंमधून विद्युतलहरी सोडून त्यांच्या कंपनांची दिशा कशी फिरते ते मोजलं होतं. ताग! हे तुमच्या मुलीला जरूर सांगा. आपण कुणा परक्याच्या विषयात शिरतोय असं तिला वाटायला नको.

आता ताणायचं काय? ते खांब सिलिकॉनसारख्या (चिपमधलं कडक सिलिकॉन, रबराचं नव्हे) पदार्थाचे किंवा सोन्याचे असतात, ते ताणले जात नाहीत. ते बसवलेले असतात पीडीएमएस नावाच्या पारदर्शक, रबरासारख्या पॉलिमरमध्ये. तो ताणला की खांब तेच राहतात, त्यांच्यातली अंतरं वाढतात. अंतरं वाढली की प्रकाश कमी वळतो, म्हणजे भिंगाचं फोकस लांब जातं. किती लांब? जितके पट ताणलं त्याच्या वर्गाइतकं. दहा टक्के ताणलं तर 1.1 चा वर्ग, 1.21. तीस टक्के ताणलं तर 1.3 चा वर्ग, 1.69. अमेरिकेत पेन्सिल्वेनिया विद्यापीठातल्या गटाने 2016 साली हेच करून दाखवलं. त्यांच्या भिंगाचं फोकस 150 मायक्रॉनवरून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) 250 मायक्रॉनवर गेलं. 150 ला 1.69 ने गुणून बघा, किती जुळतं ते. त्याच वर्षी कॅलटेकच्या गटाने 600 वरून 1400 मायक्रॉनपर्यंत मजल मारली. पुढे 2018 मध्ये हार्वर्डच्या गटाने हाताने ताणायच्या ऐवजी विजेच्या दाबाने ताणणारं भिंग केलं, आणि त्याने दृष्टिदोषातला अ‍ॅस्टिग्मॅटिझमही कमीजास्त करता येतो हे दाखवलं.

निसर्गात हे आधीपासून आहे. मादागास्करचा पँथर कॅमेलिऑन हा सरडा रंग बदलतो तो नुसतं रंगद्रव्य हलवून नाही. त्याच्या कातडीत बारीक स्फटिकांची जाळी असते, आणि त्यांच्यातलं अंतर तो कमीजास्त करतो. जिनिव्हाच्या संशोधकांनी हे 2015 साली मांडलं.

आता तुमच्या दुकानाकडे येतो. पीडीएमएसवर बारीक नक्षी बहुतेक वेळा उमटवतात कशी, माहीत आहे? आधी कडक पदार्थावर नक्षी कोरलेला एक मूळ नमुना करतात. त्यावर पातळ पीडीएमएस ओततात. त्यात अडकलेली हवा निर्वात भांड्यात काढून टाकतात. भट्टीत घट्ट होऊ देतात. मग सोलून काढतात. दादा, पॅटर्न आणि ओतकाम याहून वेगळं काय असतं? बिडाचं ओतकाम गार होताना आकसतं, म्हणून तुम्ही पॅटर्नमध्ये शेकडा एक श्रिंकेज धरता. पीडीएमएससुद्धा उष्णतेत घट्ट झालं की एक-दोन टक्के आकसतं, आणि ते आधी धरलं नाही तर भिंगाचं फोकस चुकतं. पॅटर्न वाळूतून अलगद निघावा म्हणून तुम्ही बाजूंना ड्राफ्ट, म्हणजे किंचित उतार देता. इथेही उभी, खोल, अरुंद नक्षी सोलताना फाटते. नवख्या विद्यार्थ्यांचे महिनेच्या महिने असल्या गोष्टींत जातात, कारण ते वर्गात शिकवलं जात नाही. तुमच्या मुलीने हे लहानपणापासून जेवताना ऐकलंय.

एवढं सांगून आता मला तिच्याशी जरा असहमत व्हायचंय.

"मेटासरफेसमध्येच संशोधन" हा हट्ट तिने आत्ता धरू नये. एकविसाव्या वर्षी शब्दाच्या प्रेमात पडणं चांगलंच, पण पदवी शब्दाकडे बघून निवडू नये. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक मुलगा आला होता. नॅनो हा शब्द तेव्हा जोरात होता, म्हणून त्याने लांबच्या एका ठिकाणी त्या नावाच्या एम.एस्सी.ला प्रवेश घेतला. तिथे उपकरणं कुलपात. दोन वर्षांत त्याने एकही नमुना स्वतःच्या हाताने केला नाही. नंतर प्राध्यापकाच्या जागांच्या जाहिरातीत फिजिक्सची पदवी मागतात म्हणून त्याचे अर्जही अडले. तो मुलगा हुशार होता, म्हणून मला ते अजून लागतं. म्हणून मुलीला माझा आग्रह आहे, खोड फिजिक्सचं ठेव, फांदी नंतर निवड. ऑप्टिक्स, विद्युतचुंबकीय लहरी, पॉलिमरचं थोडं रसायनशास्त्र, पायथॉनमध्ये गणितं करायची सवय. हे चार हातात असले की उद्या मेटासरफेसची हवा ओसरली तरी तिला काम मिळतं.

वाट अशी. एम.एस्सी.साठी 'जॅम' ही परीक्षा फेब्रुवारीत असते, अर्ज साधारण सप्टेंबरपासून सुरू होतात. तीन तास, साठ प्रश्न, शंभर मार्क. त्यातून आयआयटीत प्रवेश मिळतो. ती परीक्षा जमली नाही तर रडायचं कारण नाही. आपल्या शिवाजी विद्यापीठाचा फिजिक्स विभाग पातळ थरांच्या कामासाठी जुना आणि ओळखीचा आहे. काचेवर एकसारखा पातळ थर बसवता येणं ही या विषयातली मोठी कला आहे, आणि ती इथेच, विद्यापीठाच्या सागरमाळावर शिकता येते. घरी राहून, केएमटीच्या बसने जाऊन-येऊन.

कोल्हापुरात इलेक्ट्रॉन बीमने खांब कोरायची सोय कुठली, असं ती म्हणेल. बरोबर. त्यासाठी बंगळुरूचं आयआयएससी आणि आयआयटी मुंबई इथल्या नॅनो प्रयोगशाळा बाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी उघडणारा आयएनयूपी नावाचा केंद्र सरकारचा कार्यक्रम आहे. त्यात आधी प्रशिक्षण मिळतं, मग आपला छोटा प्रकल्प तिथे करता येतो. शिवाय देशाच्या तीन विज्ञान अकादमींची उन्हाळी फेलोशिप असते. एकदा तरी दोन महिने मोठ्या प्रयोगशाळेत काढल्याशिवाय तिने पीएच.डी.चा निर्णय घेऊ नये. काहींना तिथे गेल्यावर कळतं की आपल्याला हा एकांत सोसत नाही, आणि ते लवकर कळलेलं बरं.

पैशाचं सरळ बोलतो. एम.एस्सी.ची दोन वर्षं तुम्हाला खर्च आहे. त्यानंतर नेट-जेआरएफ, म्हणजे राष्ट्रीय परीक्षेतून मिळणारी संशोधनाची फेलोशिप, मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना 37,000 रुपये आणि पुढे 42,000, वर नियमाप्रमाणे घरभाडं. जानेवारी 2023 पासून हे दर आहेत. जेआरएफ नाही मिळाली तर राज्याच्या सारथी, बार्टी, महाज्योती या संस्थांच्या पीएच.डी. फेलोशिप प्रवर्गानुसार असतात. पत्रात तुमचा प्रवर्ग नाही, म्हणून तुम्हीच बघा. सारथीला तर शाहू महाराजांचंच नाव आहे. ज्या गावात महाराजांनी मुलांना शिकायला बोर्डिंगं बांधली, तिथल्या मुलीने फेलोशिपचा अर्ज संकोचाने करायचं कारण नाही. मात्र फेलोशिपशिवाय, घरच्या पैशाने पीएच.डी. नको. यावर मी ठाम आहे.

पीएच.डी. म्हणजे पाच वर्षं धरा. आज एकवीस असेल तर अठ्ठावीस. आईची काळजी मला समजते. पण लग्न झालेल्या, मूल असलेल्या कितीतरी मुली पीएच.डी. करताना मी बघतो, आणि करायचंच नाही असं ठरवलेल्याही. ते तिचं तिला ठरवू द्या.

पोट भरतं का? नुसत्या एम.एस्सी.वर 'मेटासरफेस' अशी पाटी असलेली नोकरी कोल्हापुरात नाही. ताणणारी भिंगं अजून बहुतांशी प्रयोगशाळेत आहेत. कडक काचेवरची सपाट भिंगं मात्र बाजारात आली आहेत. हार्वर्डच्याच संशोधनातून निघालेल्या मेटालेन्झ या कंपनीची भिंगं 2022 पासून एसटीमायक्रोइलेक्ट्रॉनिक्सच्या अंतर मोजणाऱ्या सेन्सरमध्ये बसतात. भारतात प्रकाशाचं काम करणाऱ्या सरकारी संस्था आहेत, डेहराडूनची डीआरडीओची आयआरडीई, बंगळुरूची इस्रोची लिओस, इंदूरचं आरआरकॅट, चंदीगडची सीएसआयओ. पॉलिमरसाठी पुण्यात एनसीएल आहे, आपल्यापासून चार-पाच तासांवर. खासगीत ऑप्टिकल डिझाइन, कोटिंग, कॅमेरा, सेन्सर आणि आता सेमीकंडक्टर. परदेशी जावंच लागतं असं नाही. पीएच.डी.नंतर दोन वर्षं गेली तर फायदा होतो, एवढंच.

मामांना सांगा, बँकेच्या पीओ परीक्षेला तिसाव्या वर्षापर्यंत बसता येतं. बी.एड.सुद्धा एम.एस्सी.नंतर करता येतं, आणि तेव्हा ज्युनिअर कॉलेजचंही दार उघडतं. म्हणजे आज हो म्हणून तुम्ही कुठलंच दार बंद करत नाही. थांबून बघायच्या दोन जागा आहेत. एक, एम.एस्सी.च्या शेवटी फेलोशिप मिळाली की नाही. दुसरी, प्रयोगशाळेतले ते दोन महिने. तिथे पुन्हा बसून बोला.

आता एक काम, येत्या पंधरवड्यात करायचं, आणि ते तुमच्या दुकानातच.

घरात एखादी जुनी सीडी असेल. तिच्या छापील बाजूवर पॅकिंगची रुंद चिकटपट्टी घट्ट लावा आणि झटक्यात ओढा. चकाकणारा पत्रा निघून येतो आणि खाली पारदर्शक प्लास्टिक राहतं. त्यावर एकमेकींपासून 1.6 मायक्रॉनवर वर्तुळाकार रेघा असतात, डोळ्यांना न दिसणाऱ्या. हा तुमचा पॅटर्न. ज्या बाजूचा पत्रा निघाला त्या बाजूवर पारदर्शक, दोन भागांचं सिलिकॉन रबर मिसळून दोन मिलिमीटर ओता. पीडीएमएस (तेही सिलिकॉन रबरच) मिळालं तर दहा भागाला एक भाग हार्डनर, वजनाने. घाईने ढवळू नका, बुडबुडे धरतात. दोन दिवस झाकून ठेवा, मग कडेपासून हळू सोला आणि बोटभर रुंदीची पट्टी कापा.

ट्यूबलाइटखाली धरली की तिच्यावर इंद्रधनुष्य दिसेल. आता हात न हलवता ती रेघांना आडवी ताणा. ज्या ठिकाणी हिरवा दिसत होता तिथे पिवळा, नारिंगी येत जाईल. सोडली की परत हिरवा. मग रेघांच्या दिशेने ताणा आणि रंग आता कुठल्या बाजूला सरकतो ते बघा. तो उलट्या बाजूला का सरकतो, हे तुमच्या मुलीने तुम्हाला समजावून सांगायचं. गणिताने नाही, तुम्हाला पटेल असं. हा अजून मेटासरफेस नाही. इथली रेघांमधली अंतरं प्रकाशाच्या लहरींच्या लांबीपेक्षा मोठी आहेत. पण ताणल्यावर प्रकाश कसा वागतो ते हाताला कळतं.

पहिली पट्टी बहुधा खराब निघेल. तिने दुसरी, तिसरी आपणहून ओतली, वहीत वजनं आणि तारखा लिहिल्या, की मला कळवा. मग जॅमच्या तयारीचं वेळापत्रक आपण तिघे बसून करू.

ओतताना लेटेक्सचे हातमोजे मात्र घालू देऊ नका. त्यातल्या गंधकामुळे या जातीचं सिलिकॉन रबर घट्टच होत नाही, दोन दिवसांनीही चिकट राहतं. नायट्राइलचे घ्या.