दोनशेचा गॉगल चालेल की दोन हजाराचाच घ्यावा?

प्रश्न: मी मानेवाड्याहून बाइकनं बुटीबोरीला कंपनीत जातो, म्हणजे सगळा वर्धा रोड, अन् मे महिन्यात दुपारच्या शिफ्टला निघालं की डोळ्यांची नुसती आग होते. बर्डीच्या फुटपाथवर दोनशेत काळाकुट्ट गॉगल मिळतो. दुकानात गेलो तर तो म्हणे हा पॉलीकार्बोनेट, हा सीआर-39, हा खऱ्या काचेचा, हा पोलराइज्ड, आणि किंमत दोन हजाराच्या वर. माझा साळा म्हणतो काळा असला की झालं, बाकी विकायचे धंदे आहेत. खरं काय? आणि मला मायनस दीड नंबर आहे तर उन्हात आपोआप काळा होणारा चष्माच करून घेऊ का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर: भाऊ, साळ्याचं हे काही ऐकू नका. काच काळी असणं वेगळं आणि तिनं यूव्ही, म्हणजे उन्हातले डोळ्याला घातक अतिनील किरण, अडवणं वेगळं. काळ्या काचेमागं डोळ्याची बाहुली मोठी होते, अन् काच यूव्ही अडवत नसेल तर त्या मोठ्या झालेल्या बाहुलीतून उलट जास्तच यूव्ही आत जातं. याउलट पूर्ण पारदर्शक काचसुद्धा सगळं यूव्ही अडवू शकते. यूव्ही400 म्हणजे 400 नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडतात, पण स्टिकर काय कोणीही छापतो, त्यामुळे चष्म्याच्या दुकानात यूव्ही मीटर असेल तर त्याच्यावर लावून पाहा, मिनिटभराचं काम आहे. दोनशेचा गॉगल तिथं पास झाला तर यूव्हीपुरता तो ठीकच आहे, महाग काच जास्त यूव्ही अडवते असं काही नसतं.

काळेपणासाठी काडीच्या आतून कॅटेगरी लिहिली आहे का बघा. 3 नंबर म्हणजे 8 ते 18 टक्के उजेड आत येतो, आपल्या उन्हाला तेवढं पुरतं. 4 नंबर घालून गाडी चालवायची नसते.

आता मटेरियल. खऱ्या काचेतून दिसतं एकदम स्वच्छ आणि ओरखडेही कमी पडतात, पण बाइकवर ती नकोच, पुढच्या ट्रकच्या चाकाखालून गिट्टी उडाली आणि काच फुटली तर तुकडे डोळ्यात, शिवाय वजनाला पॉलीकार्बोनेट या चिवट प्लास्टिकच्या दुप्पट, घामानं नाकावरून सारखी घसरणार. सीआर-39 हेही चष्म्याच्या काचांचं एक प्लास्टिकच, ते हलकं असतं आणि नजर छान देतं, ऑफिसात बसणाऱ्याला मी तेच सांगितलं असतं. तुम्ही मात्र पॉलीकार्बोनेट घ्या, ते सहज फुटत नाही आणि यूव्ही बऱ्यापैकी अंगचंच अडवतं. कडेला थोडी रंगाची झालर दिसू शकते, पण मायनस दीडला ती जाणवणारही नाही बहुतेक. खरा त्रास ओरखड्यांचा, म्हणून हार्ड कोटिंग मागा आणि धूळ बसलेली काच दुपट्ट्यानं कोरडी पुसू नका, आधी पाणी मारा.

बिननंबरी गॉगल घेताना एक करा, तो हातभर लांब धरून काचेतून समोरच्या शटरच्या किंवा दाराच्या सरळ रेषेकडे बघा आणि हळूहळू खाली-वर हलवा. रेष मध्येच लाटेसारखी वाकली की तो ठेवून द्या, तासभर घातला तर डोकं दुखेल. स्वस्तातले गॉगल जास्त करून इथंच मार खातात.

आपोआप काळा होणारा नको, त्याचं कारण आपल्या नागपूरचं ऊनच आहे! ही काच थंडीत जास्त काळी होते अन् गरमीत कमी, म्हणजे पारा 45 ला गेला की नेमकी तेव्हाच ती अर्धवट काळी होऊन बसते. त्यापेक्षा तुमच्याच नंबरची कायमची टिंट केलेली काच बनवून घ्या.

पोलराइज्ड असलं तर मजा येते, पुढच्या कारच्या काचेवरून किंवा ओल्या रस्त्यावरून येणारी चमक मरते. खरं आहे का ते बघायला लॅपटॉपसमोर धरून फिरवा, स्क्रीन एका कोनात काळी झाली पाहिजे. पण बाइकचा मीटर डिजिटल असेल तर तोही तसाच काळा दिसू शकतो, म्हणून घेण्याआधी गाडीवर बसून बघाच. बजेट कमी असेल तर हे सोडून द्या, नंबर, यूव्ही आणि हार्ड कोटिंग मात्र सोडू नका.

आणि हो, दुपारची शिफ्ट म्हणजे परत येताना रात्रच होणार, तेव्हा टिंटवाला चालणार नाही. साधा पारदर्शक चष्माही पॉलीकार्बोनेटमध्येच करून डब्याच्या बॅगेत ठेवा.