८०० सीडींसाठी नॅस घ्यायचा की जुना लॅपटॉप पुरेल?

तुमच्या ८०० सीडी फ्लॅकमध्ये (आवाज जसाच्या तसा ठेवून आकार कमी करणाऱ्या फाइलींत) रिप करून, म्हणजे संगणकावर उतरवून झाल्यात, तीन खोल्यांत ऐकायचंय, बजेट बेताचं आहे आणि नॅस (घरच्या नेटवर्कवर फाइली पुरवणारा डिस्कचा डबा) दोन बेचा, म्हणजे डिस्क बसवायच्या दोन खणांचा घ्यावा की चार बेचा, असं तुम्ही विचारलंय. मी म्हणेन, सध्या दोन्ही नको. घरात जुना लॅपटॉप पडून असेल तर त्याचाच सर्व्हर करा आणि वाचलेल्या पैशांत एक जास्तीची डिस्क घ्या.

आधी हिशेब बघा. सीडीवरचा आवाज म्हणजे सेकंदाला १४११ किलोबिट, तासाला साधारण ६३५ एमबी. फ्लॅकमध्ये तो बहुतेकदा निम्म्याच्या थोडा वर येतो. सीडीमागे ३५० एमबी धरले तरी तुमचा अख्खा संग्रह २८० जीबीत मावतो. म्हणजे १ टीबीत आणखी दोन हजार सीडी बसतील. वेगाचंही तेच. २४ बिट, ९६ किलोहर्ट्झचं रेकॉर्डिंग अजिबात न दाबता पाठवलं तरी सेकंदाला ४.६ मेगाबिट लागतात. जुनं १०० मेगाबिटचं लॅन पोर्टही अशी डझनभर गाणी एकाच वेळी पुरवेल. तुम्हाला तीनच हवी आहेत!

लॅपटॉप नसेल तर रास्पबेरी पाय ४ हा छोटासा संगणक किंवा वापरलेला मिनी पीसी घ्या. पायवर एक काळजी घ्यायची: त्याच्या चारही यूएसबी पोर्टना मिळून १.२ अँपिअरच करंट मिळतो. पोर्टवरच चालणाऱ्या दोन हार्ड डिस्क लावल्या तर सुरू होताना त्या अडखळतात, मध्येच गायब होतात आणि आपण उगाच डिस्कला दोष देत बसतो. स्वतःचा अ‍ॅडॅप्टर असलेला यूएसबी हब घ्या, नाहीतर एसएसडी (फिरते भाग नसलेली डिस्क) लावा. सर्व्हर ऐकण्याच्या खोलीतच राहणार असेल तर एसएसडीच बरी. मंद आलाप चालू असताना डिस्कची घरघर फार बोचते.

आता बे कशाला असतात ते सांगतो, कारण इथे मी स्वतः पोळलोय. मी दोन बेचा नॅस घेतला, दोन डिस्क मिररिंगवर (एकीवरचं सगळं आपोआप दुसरीवरही) लावल्या आणि संग्रह सुरक्षित झाला असं समजून निर्धास्त झालो. एका रात्री टॅग (फाइलीतली गाण्याची माहिती) दुरुस्त करताना चुकीचं फोल्डर निवडलं गेलं आणि शेकडो फाइलींची नावं एकसारखी होऊन त्या एकमेकींवर लिहिल्या गेल्या. दोन्ही डिस्कवर, त्याच क्षणी. मिररिंग डिस्क मेली तर वाचवतं, आपली चूक मात्र ते इमानदारीने दोन्हीकडे लिहितं. त्या सीडी पुन्हा रिप करण्यात माझे कित्येक रविवार गेले.

म्हणून दुसरी डिस्क सर्व्हरला जोडून ठेवू नका. महिन्यातून एकदा लावा, आरसिंक या फाइली उतरवणाऱ्या प्रोग्रॅमने नकल करा, काढून कपाटात ठेवा. नकल करण्याआधी फ्लॅक फाइली तपासून घ्या. प्रत्येक फाइलीत मूळ आवाजाचा एमडी५ ठसा (आवाजावरून काढलेला ओळखीचा आकडा) सहसा साठवलेला असतो, आणि फ्लॅक प्रोग्रॅमच्या टेस्ट पर्यायाने कुठली फाइल बिघडली ते लगेच कळतं. ही सोय मला अमूल्य वाटते. कपाटातली डिस्क स्वस्तातली एसएमआर (एकमेकांवर चढलेल्या पट्ट्यांत लिहिणारी) असली तरी चालेल. तिचा लिहिण्याचा संथपणा रेड (मिररिंगसारखा अनेक डिस्कचा संच) पुन्हा बांधताना छळतो, अशा नकलेला नाही.

तीन खोल्यांत एकच गाणं एकत्र वाजवायचं असेल तर लिरियन म्युझिक सर्व्हर हे सॉफ्टवेअर बघा. पूर्वी ते लॉजिटेक मीडिया सर्व्हर म्हणून ओळखलं जायचं आणि अगदी मामुली मशीनवरही चालतं. फोनवर ऐकणं जास्त असेल तर नॅव्हिड्रोम हे तसंच दुसरं सॉफ्टवेअर.

आणि लॅपटॉप चोवीस तास चालू ठेवण्याआधी त्याची बॅटरी तपासा. फुगलेली दिसली तर ती काढून टाकल्याशिवाय त्याला सर्व्हर करू नका.