इंग्लंडमधल्या आमच्या छोट्या धर्मादाय संस्थेला मेळघाटातल्या संस्थेकडे थेट पैसे पाठवता येतील का?

येतील, पण त्या संस्थेकडे एफसीआरए (परकीय देणग्यांवर नियंत्रण ठेवणारा भारतीय कायदा) खालची नोंदणी किंवा गृह मंत्रालयाची पूर्वपरवानगी असेल तरच. अशाच एका संस्थेचे हिशेब मी बघतो. पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या एफसीआरए खात्यातच यावे लागतात. धारणीतल्या साध्या खात्यात पाठवले तर ती संस्थाच गोत्यात येते. पुण्या-मुंबईची नोंदणीकृत संस्था मध्ये घालून रक्कम पुढे देण्याची वाटही २०२० च्या दुरुस्तीने बंद झाली. म्हणून आधी प्रमाणपत्राची प्रत मागवा आणि मुदत बघा, ते पाच वर्षांचंच असतं. मात्र तुमच्यातल्या भारतीय पासपोर्टधारकांनी स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परकीय धरत नाहीत; ओसीआय कार्डवाल्यांची, म्हणजे परदेशी नागरिकत्व असलेल्या भारतीय वंशाच्या लोकांची, धरतात.