सॉफ्टवेअर ‘टाका’ की ‘बसवा’?

प्रश्न असा आहे: वाचनालयातल्या ज्येष्ठ सभासदांसाठी लिब्रेऑफिस या पत्रे-तक्ते करायच्या मोफत सॉफ्टवेअरची छोटी मराठी पुस्तिका लिहितो आहे. ‘इन्स्टॉल’ला काय म्हणू? प्रतिष्ठापित करा, स्थापित करा की सरळ टाका?

प्रतिष्ठापना गणपतीची राहू द्या. ‘स्थापित’ कळते, पण घरात तसे कोणी बोलत नाही. बोलतात ते ‘टाका’: ‘फॉरमॅट मारून विंडोज टाकून दिली.’ तोंडी हे खपते. कागदावर मात्र पुढच्याच पानात तुम्हाला ‘जुनी आवृत्ती काढून टाका’ लिहावे लागेल. म्हणजे घालायलाही ‘टाका’ आणि घालवायलाही ‘टाका’!

मी ‘बसवणे’ घेईन. नळ बसवतात, कवळी बसवतात, चष्म्याची काच बसवतात. उलट क्रियेला ‘काढणे’ आयतेच मिळते. फक्त ‘सॉफ्टवेअर बसले’ असे लिहू नका; घसा बसतो, धंदा बसतो, तसे ते वाटेल. ‘बसवून झाले’ म्हणा.

त्याआधी ‘उतरवून घेणे’ ही पायरी वेगळी दाखवा. फोनवर प्ले स्टोअरमध्ये एका बटणात दोन्ही कामे होतात, त्यामुळे ‘डाउनलोड केले की झाले’ ही समजूत पक्की असते. आमचे काका आठवडाभर ‘डाउनलोड्स’मधली फाइल तशीच ठेवून ‘उघडत नाही’ म्हणत होते.

आता गंमत अशी की ‘बसवा’ सगळीकडे चालत नाही. विंडोजवर चपखल: फाइलवर दोनदा क्लिक, मग ‘नेक्स्ट’, ‘नेक्स्ट’. मॅकवर उतरवलेली फाइल उघडली की एका खिडकीत लिब्रेऑफिसचे चित्र आणि शेजारी ‘ॲप्लिकेशन्स’चे फोल्डर दिसते. चित्र ओढून त्या फोल्डरवर सोडायचे, बस्स. तिथे ‘बसवा’ लिहिलेत तर माणूस बटण शोधत राहील, नाहीतर खिडकीतल्याच चित्रावर क्लिक करून पत्र लिहायला घेईल. मॅक बंद करून पुन्हा चालू केला की ती खिडकी गायब! म्हणून तिथे ‘ओढून सोडा’ लिहा. शिवाय मॅकवर मराठी मेनू हवा असेल तर भाषेची फाइल वेगळी उतरवावी लागते. उबंटूत (विंडोजऐवजी वापरतात ती मोफत प्रणाली) लिब्रेऑफिस पुष्कळदा आधीच असते. तिथे पहिले वाक्य ‘आहे का पाहा’.

बटणांवरचे शब्द मात्र पडद्यावर असतील तसेच छापा, भाषांतर नको. आणि तिन्हींची पाने वेगळी करा. मॅकच्या पानाची सुरुवात अशी: ‘पडद्याच्या वर डाव्या कोपऱ्यात सफरचंद दिसते का? मग हे पान तुमचे.’