अमेरिकी अध्यक्षांच्या क्रमवारीवर विश्वास ठेवावा का?

इतिहासकार अमेरिकी राष्ट्राध्यक्षांची जी क्रमवारी लावतात ती खरी मानायची का, असं तुम्ही विचारलंय. लिंकन वर, ब्यूकॅनन तळाला, एवढं बहुतेक ठिकाणी सापडेल. मधल्यांचं काही खरं नाही.

युलिसिस ग्रँटचंच बघा, अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेचा सेनापती आणि पुढे अध्यक्ष झालेला. हे नाव मुद्दाम घेतोय. एम.ए.च्या तोंडी परीक्षेत मी ग्रँटची बाजू घेतली, तर बाहेरून आलेले परीक्षक म्हणाले, "अहो, सेनापती म्हणून ठीक. अध्यक्ष म्हणून दारुडा आणि भ्रष्टांचा पोशिंदा. क्रमवारीत कुठे आहे माहितीये ना?" माहीत होतं. १९४८ मध्ये इतिहासकार थोरल्या आर्थर श्लेसिंजरांनी ५५ जाणकारांची मतं घेतली, तेव्हा 'अपयशी' ठरले दोघेच : ग्रँट आणि हार्डिंग. १९६२ लाही तेच. मी म्हटलं, सर, मतं देणारे कोणाच्या हाताखाली घडले तेही बघा ना. कोलंबिया विद्यापीठातले विल्यम डनिंग आणि त्यांचे शिष्य यांचा तेव्हा दबदबा होता. यादवीनंतर दक्षिणेतल्या कृष्णवर्णीयांना मताचा हक्क दिला हीच घोडचूक, असं मानणारी ही मंडळी. तो हक्क टिकावा म्हणून १८७१ मध्ये कू क्लक्स क्लॅन या कृष्णवर्णीयांवर दहशत बसवणाऱ्या गोऱ्यांच्या गुप्त संघटनेविरुद्ध कायदा करून घेणारा, दक्षिण कॅरोलिनाच्या नऊ काउंट्यांत हेबियस कॉर्पस (अटकेविरुद्ध कोर्टात दाद मागायचा हक्क) स्थगित करून धरपकड करणारा ग्रँट त्यांना कसा रुचावा? यावर सर म्हणाले, "वेळ संपली." गुण किती पडले ते विचारू नका.

सी-स्पॅन या अमेरिकी वाहिनीच्या इतिहासकारांमधल्या पाहणीत २००० साली ग्रँट ३३वा होता, २०२१ मध्ये २०वा. १८८५ मध्ये वारलेल्या माणसाने मधल्या काळात काय पराक्रम केला? बदलले ते परीक्षक. तिथे दहा निकषांवर गुण देतात, त्यात 'सर्वांना समान न्याय' हाही एक आहे. सरकारी खात्यांत वर्णभेद रुजू देणारा विल्सन त्याच काळात सहाव्यावरून तेराव्यावर घसरला. आयझेनहॉवरही वर चढला, पण त्याची गोष्ट वेगळी, त्याचे खासगी कागद खुले झाले आणि हसतमुख गोल्फपटूमागचा धोरणी माणूस दिसला.

तेव्हा क्रमांक पाठ करू नका, मत कोणी आणि कधी दिलं ते आधी बघा. आणि कोणी ग्रँटला 'दारुडा' म्हणून निकालात काढलं, तर १८७१ चा तो कायदा वाचलाय का, एवढंच विचारा. आमच्या सरांना मी तेव्हा विचारू शकलो नाही.

हां, व्हिस्की रिंग या दारूवरचा कर बुडवण्याच्या घोटाळ्यातला बॅबकॉक ग्रँटचाच खासगी सचिव होता, आणि त्याला वाचवायला साक्षही ग्रँटनेच दिली. ब्लॅक हिल्सच्या डोंगरांत सोनं निघाल्यावर तिथल्या सू या मूलनिवासी लोकांशी झालेला करार मोडला गेला तोही त्याच्याच कारकिर्दीत. त्यामुळे विसावा नंबर मलाही ठीक वाटतो, दहावा कोणी दिला तर मी भांडेन.