अंड्याचं कवच पातळ येतंय? चुना नको, संध्याकाळी शिंपल्याचे खडे (ग्रिट) ठेवा

नमस्कार मंडळी, एकाच विषयावर बरेच मेसेज आलेत म्हणून सगळ्यांना इथेच उत्तर देतोय. एका ताईंकडे परसात ग्रामप्रिया जातीच्या कोंबड्या आहेत, खाद्य म्हणजे मका आणि तांदळाची कणी, अंडी उचलताना तडकतात, एखादं तर बिनकवचाचं लिबलिबीत पडतं, आणि शेजारच्यांनी सांगितलं पाण्यात चुना टाका. दुसरे एक दादा म्हणतात लिक्विड कॅल्शियम चालू आहे तरी फरक नाही.

ताई, आधी हिशोब बघा. एका कवचात साधारण २ ग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं आणि खाल्लेल्यातलं निम्म्याच्या आसपासच अंगी लागतं, म्हणजे रोज अंडं देणाऱ्या कोंबडीला दिवसाला ४ ग्रॅम तरी पाहिजे. मक्यात, कणीत, ज्वारीत कॅल्शियम नसल्यातच जमा, मग ती स्वतःच्या हाडातून काढते आणि शेवटी पायातली ताकद जाऊन बसूनच राहते. लेअर फीडमध्ये, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या तयार खाद्यात, साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असतं ते यासाठीच.

पानाला लावायचा चुना देऊ नका, तो दाहक असतो, तोंड-अन्ननलिका भाजते. दादा, तुमच्या बाटलीवरचं प्रमाण बघा आणि सांगितलेल्या डोसात एका पक्ष्याच्या वाट्याला किती मिलिग्रॅम येतं ते काढा, ४ ग्रॅमच्या जवळपासही जात नाही, पैसे मात्र जातात.

खरं काम करतं ते शिंपल्याचं किंवा चुनखडीचं जाड ग्रिट, ज्वारीच्या दाण्याएवढं, २ ते ४ मिलिमीटरचं. पीठासारखी पावडर पोटातून लवकर पुढे निघून जाते, जाड खडा मात्र पेषणीत (दाणे दळणाऱ्या पोटात) राहून रात्रभर हळूहळू विरघळतो, आणि कवचाचं बरंचसं काम रात्रीच चालतं, त्यावेळी कोंबडी काही खात नाही ना. म्हणून दुपारनंतर वेगळ्या भांड्यात ग्रिट ठेवा, जिला लागेल ती बरोबर खाते, कोंबडा फारसा तोंड लावत नाही. पिल्लं आणि तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या) मात्र त्या भांड्यापासून लांब ठेवा, वाढत्या वयात एवढं कॅल्शियम मूत्रपिंडाला झेपत नाही, गाऊट, म्हणजे अंगात युरिक ॲसिड साठण्याचा आजार होतो.

कोकणातल्यांना तर विकत घ्यायचीही गरज नाही, कालवं-तिसऱ्यांची शिंपलं गोड्या पाण्यात धुवून मीठ घालवा, वाळवा, कुटा आणि टोकदार कपच्या चाळून काढा. घरातली अंड्याची टरफलंही चालतात, पण तव्यावर चांगली भाजून, बारीक चुरून, अख्खी टाकलीत तर अंडी फोडून खायची खोड लागते आणि ती मोडणं महाकठीण. वाळूतले साधे खडे दाणे दळायला ठीक आहेत, कॅल्शियम शून्य. खडा खरा की खोटा कळत नसेल तर व्हिनेगरमध्ये टाका, बुडबुडे आले तर चुनखडी किंवा शिंपला. डोलोमाइट नावाच्या चुनखडीसारख्या दगडालाही थोडे हळू बुडबुडे येतात, त्यात मॅग्नेशियम जास्त, विष्ठा पातळ होते, तेव्हा दुकानदाराला विचारूनच घ्या.

उन्हाळ्यात कोंबड्या धापा टाकायला लागल्या की ग्रिट असूनही कवच पातळ येतं, तिथे सावली, गार पाणी आणि पहाटे-संध्याकाळी खाद्य हाच उपाय. आणि ग्रिट सुरू करून दोन-तीन आठवडे झाले तरी अंडी सुरकुतलेली, वेडीवाकडी येत असतील, सोबत शिंका-घरघर असेल किंवा अंडी एकदम घटली असतील तर ते खाद्याचं नाही, आजाराचं लक्षण, पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवा.