शेतात चार खोल्या बांधायच्या आहेत, सुरुवात कुठून?

प्रश्न : कुही तालुक्यात वडिलांच्या नावावर तीन एकर शेती आहे. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात येणाऱ्या पर्यटकांसाठी चार खोल्या बांधून राहण्या-जेवणाची सोय करायची आहे. ग्रामपंचायतीने ना हरकत दिली. गावात सगळे म्हणतात, शेतघर म्हणून बांधा, पुढचं पुढे बघू. चालेल का?

उत्तर : नाही चालणार. जमीन महसूल संहितेतले शेतघर अवजारे, खत, चारा, गुरे आणि शेतकऱ्याचे कुटुंब व गडीमाणसे यांच्यासाठी असते. भाडे देणारा पाहुणा त्यात बसत नाही. तक्रार होईपर्यंत कोणी विचारत नाही, हे खरे. पण तक्रार बहुधा शेजारच्या धुऱ्यावरूनच येते. मग महसूल खात्याचा दंड वेगळा आणि एमआरटीपी म्हणजे नगररचना कायद्याच्या कलम 53 ची, विनापरवाना बांधकाम हटवण्याची नोटीस वेगळी.

ग्रामपंचायतीचा कागद फाईलला जोडा, त्याच्या भरवशावर पाया खोदू नका. गाव एनएमआरडीएच्या, म्हणजे नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या हद्दीत असेल, तर नकाशा मंजुरीचा अधिकार त्या प्राधिकरणाचा. हद्दीबाहेर असेल तर जिल्हाधिकारी कार्यालय आणि नगररचना विभाग.

पहिला कागद झोन दाखला, म्हणजे विकास आराखड्यात तुमची जमीन कोणत्या वापरासाठी आहे ते सांगणारा दाखला. त्यासाठी चालू सातबारा आणि मोजणी नकाशा हाताशी ठेवा. दाखल्यावर शेती झोन आला म्हणून घाबरू नका. 2020 च्या एकत्रित विकास नियमावलीत पर्यटन खात्याने मान्य केलेले कृषी पर्यटन प्रकल्प शेती झोनमध्येही बसतात. तुमच्याकडे खरी मेख अभयारण्याची आहे. इको-सेन्सिटिव्ह झोनच्या (अभयारण्याभोवतीच्या संरक्षित पट्ट्याच्या) अधिसूचनांत साधारणपणे अभयारण्याच्या सीमेपासून 1 किलोमीटरपर्यंत किंवा झोनच्या हद्दीपर्यंत, जे जवळ असेल तिथपर्यंत, नवे व्यावसायिक हॉटेल-रिसॉर्ट मना असते. सूट असते ती छोट्या तात्पुरत्या बांधकामाला. त्यामुळे विटांची ऑर्डर देण्याआधी वन विभागाकडून तुमच्या गटाचे अंतर लेखी घ्या. मोबाइलच्या नकाशावरचे मोजमाप फाईलमध्ये चालत नाही.

सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग 2 (सरकारी परवानगीशिवाय हस्तांतर न करता येणारी जमीन) लिहिले असेल, तर आधी तो विषय जिल्हाधिकाऱ्यांकडे सोडवावा लागतो. इतर हक्कात बँकेचा बोजा किंवा आत्यांची नावे असतील, तर त्यांची संमती आत्ताच घ्या. नकाशा मंजुरीला गेल्यावर एका सहीसाठी फाईल अडते. अर्जदार वडीलच राहतील, तुम्ही मुखत्यारपत्रावर काम पाहा. पोचरस्ताही बघा : वहिवाटीची पांदण कागदावर नसेल, तर तीही अडचण.

क्रम असा ठेवा : नकाशा मंजुरी, अकृषिक वापराचे महसुली देणे, बांधकाम, भोगवटा प्रमाणपत्र (बांधकाम वापरायला हरकत नसल्याचा दाखला). कृषी पर्यटन धोरणाखालची नोंदणी पर्यटन संचालनालयाच्या नागपूर कार्यालयात होते. किमान एक एकराची अट तुम्ही सहज पार करता. स्वयंपाकघराला अन्न परवाना लागतोच. पाहुण्यांची नोंदवही ठेवा, परदेशी पाहुण्याची माहिती 24 तासांत ऑनलाइन भरा.

शेतपंपाच्या मीटरवरून खोल्यांना वीज देऊ नका. वीज कायद्याच्या कलम 126 खाली तो अनधिकृत वापर ठरतो आणि आकारणी लागू दराच्या दुप्पट होते. तसेही शेतीच्या फीडरवर चोवीस तास थ्री-फेज नसते. पंखा बंद पडलेला पाहुणा परत येत नाही.

शोषखड्डा विहिरीपासून किमान 18 मीटर लांब ठेवा. काळ्या मातीत पावसाळ्यात पाणी मुरतच नाही, खड्डा भरून सांडपाणी अंगणात येते. खालचा मुरूम कुठे लागतो ते आधी खोदून बघा. नसेल लागत तर खड्ड्याच्या नादी न लागता उंच वाफ्यात कर्दळ लावून पाणी जिरवा.

प्रश्न : काटोलजवळ संत्र्याच्या बागेत फक्त तंबू लावणार आहोत, बांधकाम नाही. तरी परवानगी?

उत्तर : हो. महसूल खाते भिंती मोजत नाही, जमिनीचा वापर पाहते. मुक्कामाचे पैसे घेतले की वापर बदलला. शिवाय तंबू हलवता येतो, पण त्याच्यामागचा सिमेंटचा ओटा, संडास-बाथरूम आणि टाकी हे बांधकामच. ते नकाशात दाखवा. तंबू दोन ओळींच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यात नको. तिथून ट्रॅक्टर आणि फवारणीचा पंप जातो. ज्या दिवशी फवारणी, त्या दिवशी बुकिंग बंद.